दोन चुली, सात माणसं

३० ऑगस्ट, मंगळवार

तिसरी नोटीस. आधी सोढींकडे, मग कोपऱ्यावरच्या गुजराती जोडप्याकडे, आज धालीवाल आजोबांकडे. सिटीचा, म्हणजे नगरपालिकेचा माणूस येऊन बेसमेंट बघून गेला. दुसरी चूल का, परवाना कुठे, भाडेकरू किती. आजोबांनी आमच्या फर्नेस-दुरुस्तीच्या नंबरवर फोन केला, म्हणजे मलाच. "बेटी, बॉब को बोलना. उसकी सिटी में पहचान है, कुछ करेगा." बोलती हूँ, म्हटलं.

बोलले. बाळू जेवत होता. (तोंडावर अहो, इथे वहीत बाळू. बॉब हा गिऱ्हाइकांसाठी, आणि आता मतदारांसाठी.) "बघतो," म्हणाला आणि पुन्हा भाजी वाढून घेतली. भाजी कारल्याची होती. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, कारलं हा माणूस दुसऱ्यांदा घेत नाही.

तिन्ही घरी या उन्हाळ्यात तोच एसी-फर्नेस बघायला गेला होता. बुकिंग मी घेतलं होतं. योगायोग असेल.

उद्या गणपती. सारण अजून व्हायचंय.

२ सप्टेंबर, शुक्रवार

मंडळाच्या आरतीला गेलो. पूर्वी मला बघून बायका सरकून जागा द्यायच्या. आज जागा दिली, पण बोलणं थांबलं. चौघी एकदम प्रसादाच्या द्रोणाकडे बघायला लागल्या. द्रोणात बघण्यासारखं काय असतं?

बाळूने स्टेजवर जाऊन दोन शब्द सांगितले. येत्या २४ ऑक्टोबरला नगरपालिकेचं मतदान, बाळू उभा आहे. "मी काही पुढारी नाही, थंडीत तुमचं घर ऊबदार ठेवणारा तुमचा फर्नेसवाला. तुमचं घर मला आतून माहीत आहे." टाळ्या पडल्या. त्या वाक्यावर मागून कुणीतरी खोकलं. तो खोकला सर्दीचा नव्हता.

शैला तेवढी येऊन शेजारी बसली. पंधरा वर्षांची मैत्रीण. नवरा जाऊन तीन वर्षं झाली, मुलगा एडमंटनला, आईला फोन रविवारी. तिने बेसमेंट नांदेडच्या एका जोडप्याला दिलंय, त्यांना जुलैत मुलगी झाली. ते भाडं आहे म्हणून शैलाचं घर शैलाचं आहे. हळूच म्हणाली, "सुमन, या नोटिसा कोण पाठवतंय गं? आपल्यातलंच कुणीतरी आहे. बाहेरच्याला कसं कळणार कुणाच्या बेसमेंटला किती माणसं झोपतात?"

मला काय माहीत, म्हटलं. खरंच माहीत नाही.

८ सप्टेंबर, गुरुवार

आज गंमत झाली आणि मग गंमत राहिली नाही.

संध्याकाळी फिरायला गेले तेव्हा ४८ नंबरचे टोनी आजोबा कुंपणाशी उभे होते. इटालियन, बायको गेलेली, एकटे राहतात, टोमॅटो लावतात. हसत म्हणाले, "सुमन, सिटी केम टु माय हाउस. दे से सेव्हन पीपल इन माय बेसमेंट, टू किचन. आय टेल हिम, नो पीपल. ओन्ली वाइन." मीही हसले. पिशवीभर टोमॅटो दिले.

अर्ध्या रस्त्यात पाय थबकले. सात माणसं. दोन किचन.

घरी येऊन बुकिंगची वही उघडली. ही वही माझी. फोन आला की मी नाव, पत्ता, फर्नेस किती जुना, घरात चुली किती, माणसं किती, हे विचारते. बाळूनेच शिकवलंय, किती माणसं आणि किती स्वयंपाक ते कळलं की फर्नेसवर भार किती ते कळतं. लोकही बिनधास्त सांगतात. मराठी बाई आहे, प्रेमाने विचारतेय, तिला काय सांगायचं नाही? मी थोडक्यात मांडते. चु. म्हणजे चुली, मा. म्हणजे माणसं.

१९ जुलैचं पान. "४८, २ चु., ७ मा." पुढे रेघ मारून "रद्द".

घर ८४ नंबरचं आहे. मी आकडे उलटे लिहिले होते. तिथल्या बाईंनी दुसऱ्याच दिवशी बुकिंग रद्द केलं, म्हणून बाळू तिथे गेलाच नाही. त्या घरात सात माणसं आहेत हे त्याने डोळ्यांनी पाहिलेलं नाही. ते फक्त माझ्या वहीत आहे, माझ्या अक्षरात, माझ्या चुकीसकट.

टोमॅटो ओट्यावर तसेच पडलेत.

११ सप्टेंबर, रविवार

तीन दिवस कुणाला बोलले नाही. घरात तिघंच. मी, बाळू, रेवा. बुकिंगची वही मराठीत. रेवाला मराठी बोलता येतं, पण माझं अक्षर तिला वाचता येत नाही, वाढदिवसाच्या कार्डावर आशीर्वाद काय लिहिलाय ते वडिलांना विचारते. मग उरलं कोण?

तरी एकदा तिच्यावरही संशय घेऊन झाला. प्रचाराचं सगळं फोनवरचं काम तीच करते. म्हटलं, माझ्या वहीचे फोटो काढलेस का कधी? तर म्हणते, "आई, व्हाय वुड आय? यू आर बीइंग सो वीअर्ड." पोटच्या पोरीवर संशय घेतला. लाज वाटली, पण घेऊन मोकळी झाले.

आज आठवायला नको ते आठवलं. लग्न ठरलं तेव्हा बाळू साखर कारखान्यात फिटर होता. त्याआधीच्या गाळपात संप झाला, बॉयलरवरची चाळीस माणसं घरी बसली, याची एकट्याची नोकरी राहिली. वर चेअरमनसाहेबांनी शिफारसपत्र दिलं, त्याच पत्रावर पुढे दुबई आणि दुबईवरून इथे. माझे वडील कौतुकाने म्हणाले होते, "मुलाचं वरपर्यंत बोलणं आहे." मीही कौतुकानेच ऐकलं होतं.

वरपर्यंत काय बोलणं होतं, हे अठ्ठावीस वर्षांत एकदाही विचारलं नाही.

१७ सप्टेंबर, शनिवार

पाळत ठेवली. लिहितानाही कसंतरी वाटतंय.

बाळू म्हणाला, प्रचाराच्या पाट्या लोकांच्या दारात ठोकायला जातो. व्हॅनमध्ये बॉब, बॉब, बॉब अशा वीसेक पाट्या. मी बसने ग्रोसरीला निघाले आणि कॉफीच्या दुकानाबाहेर व्हॅन उभी दिसली. उतरून दुकानाच्या काचेतून बघितलं. समोर करड्या जॅकेटातला एक गोरा माणूस. त्याला मी ओळखते. डग. चार वर्षांपूर्वी नाताळात घरी फ्रूटकेक घेऊन आला होता, सिटीत तपासणीच्या खात्यात आहे. तेव्हा मी त्याला चकली दिली होती आणि त्याने ती कॉफीत बुडवून खाल्ली.

बाळू फोनवर काहीतरी दाखवत होता, बोटाने मोठं करून. डग कागदावर उतरवत होता.

घरी आल्यावर विचारलं, कुठे कुठे लावल्या पाट्या? सात ठिकाणांची नावं घेतली. कॉफीचं नाव घेतलं नाही.

खोटं बोलला असता तर भांडले असते. पण हा खोटं बोलत नाही, निम्मं बोलतो. त्याचं काय करायचं?

२४ सप्टेंबर, शनिवार

शैलाच्या दारात नर्सबाईची पाटी. नर्सबाई म्हणजे बाळूच्या विरोधात उभ्या असलेल्या निवृत्त नर्स, पंजाबी, बोलायला गोड, कामाला वाघ. शैलाच्या नवऱ्याचं शेवटचं दुखणं त्यांनी काढलं. ड्यूटी संपल्यावरही येऊन बसायच्या.

फोन करून म्हटलं, शैला, पाटी काढ. तिचं घर बाळूच्या नजरेत येऊ नये, एवढंच मनात होतं.

"का गं? भावजींना राग आला का? सांग त्यांना, मैत्री मैत्रीच्या जागी. त्या बाईंनी माझ्या माणसाचे पाय दाबलेत शेवटी."

"राग नाही. तू काढ ना."

ती जरा थांबली. मग म्हणाली, "सुमन, एक विचारू? ज्यांना ज्यांना नोटीस आली, त्यांच्या दारात याच पाट्या होत्या. सोढी, ते गुजराती, धालीवाल. तुझ्या लक्षात आलं होतं का?"

आलं नव्हतं. मी आकडे जुळवत बसले आणि पाट्या बघायच्या राहिल्या. टोनींच्या दारात पाटी नाही, पण ८४ नंबरला आहे, आत्ता जाऊन बघून आले. हिरवी, चांगली मोठी. बाईंचं नाव बघून निवडलं, पत्ता माझ्या वहीतला चुकीचा दिला.

म्हणजे नुसती खबर नाही. निवडून निवडून खबर.



३ ऑक्टोबर, सोमवार

शैलाचा फोन, या वेळी बुकिंगच्या नंबरवर. थंडी पडायच्या आत फर्नेस बघून द्या म्हणते, खाली बाळ आहे. मी ठरवलं होतं, तिचं काही लिहायचं नाही. पण फोन कानाला लागला की हात आपोआप चालतो, बावीस वर्षांची सवय. फोन ठेवला आणि बघते तर सगळं लिहून झालेलं. शैला, पत्ता, फर्नेस १६ वर्षं, २ चु., ४ मा.

चौथं माणूस दहा आठवड्यांचं आहे.

खोडलं नाही. खोडलं की जास्त दिसतं.

४ ऑक्टोबर, मंगळवार

खंडेनवमी. दरवर्षीप्रमाणे गॅरेजमध्ये चटई घालून हत्यारांची पूजा. पाने, पकडी, गॅस गळतो का ते बघायचं यंत्र, व्हॅनला झेंडूची माळ. झेंडू ब्रॅम्पटनहून आणला. माझं हत्यार वही, ती पण मांडली. हळदीकुंकू मुद्दाम सढळ लावलं, ओलं करून. वर एक फूल.

पूजा झाल्यावर त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही, हे बाळूच सगळ्यांना सांगतो. खंडेनवमीला त्याने एकदा एका डॉक्टरांच्या घरचं काम उद्यावर टाकलं होतं, आणि ते डॉक्टर काही गरीब नव्हते.

दुपारी चारला वही बघायला गेले. फूल जागेवर. पण मी देठ डावीकडे करून ठेवलं होतं, आता ते उजवीकडे होतं. वही उघडली. कालच्या पानाच्या कोपऱ्यावर कुंकवाचा अंगठा. अख्खा, रेषांसकट. शैलाच्या नावाच्या बरोब्बर बाजूला.

कारखान्याच्या फिटरचा अंगठा मला ओळखता येतो, नखाच्या खाली कापल्याची खूण आहे. त्यावर हळद मीच भरली होती.

पान फाडलं. वही लोखंडी कपाटात ठेवून कुलूप लावलं, किल्ली मोहरीच्या डब्यात. आमच्या घरात कपाटाला कुलूप पहिल्यांदाच लागलं.

५ ऑक्टोबर, बुधवार

दसरा. सोनं म्हणून आपट्याच्या जागी दुसरीच कुठली तरी पानं आणली होती. सकाळी त्याने पान माझ्या हातात दिलं, मी फाडलेलं पान त्याच्या हातात दिलं.

अंगठ्याकडे बघितलं. मग खुर्चीत बसला.

"किती वर्षं?" मी.

"चार."

सांगितलं ते जसंच्या तसं लिहून ठेवते, नंतर मलाच आठवायला. चार वर्षांपूर्वी एका बेसमेंटमध्ये फर्नेसला तडा गेलेला होता, विषारी वायू खोलीत येत होता, बाजूलाच एका गादीवर तीन मुलं झोपायची. याने फर्नेस बंद करून धोक्याची लाल चिठ्ठी लावली, घरमालकाने चिठ्ठी फाडून तो परत चालू केला. तेव्हा याने डगला कळवलं. मुलं वाचली. "त्या मुलांसाठी पुन्हा कळवीन, सुमन." डगनेच मग चार मोठ्या लोकांशी ओळख करून दिली, तू उभा राहा म्हणाला. आणि अधूनमधून विचारायला लागला, अजून कुठे काय.

"सोढींच्या घरी काय होतं?"

"वायरिंग जळलेलं होतं. खरंच."

"आणि बाकीच्यांकडे?"

त्याने चहाचा कप पुढे ओढला.

"पाट्या बघून दिलीत ना नावं?"

"डगला नावं हवीच होती. कुणाची तरी द्यायचीच, तर मग..."

मी म्हटलं, आपल्याही तळघरात दुसरी चूल आहे. माझा भाऊ आला होता तेव्हा तुम्हीच बसवलीत, परवाना न काढता. तिथे आता तुमचं प्रचाराचं ऑफिस आहे. शैलाला नोटीस आली तर दुसऱ्या दिवशी आपल्याला येईल, फोन मी करीन. डगचा नंबर फ्रूटकेकच्या डब्यावर चिकटवलेला अजून आहे.

"शैलाचं अजून दिलं नाही," तो म्हणाला. "पण तू तिच्या बेसमेंटमध्ये कधी गेलीस? जाऊन बघ. मग मला शिव्या दे."

६ ऑक्टोबर, गुरुवार

बोलणं बंद. रेवा मधे. "बाबा वॉन्ट्स टु नो इफ देअर इज पोळी." आहे म्हणावं.

त्याच्या शेवटच्या वाक्यात काहीतरी डाव आहे. मला तिथे का पाठवतोय?

८ ऑक्टोबर, शनिवार

गेले. बाळाला बघायला आले असं शैलाला सांगितलं, अंगडं-टोपडं घेतलं होतं. पंधरा वर्षांत तिच्या बेसमेंटला मी एकदाही उतरले नव्हते, आम्ही वर स्वयंपाकघरातच बसतो.

खाली स्नेहल, ती नांदेडची मुलगी. नवरा गोदामात कामाला, शनिवारीही. बाळ झोळीत झोपलेलं. आईची जुनी इरकल साडी, छान बांधलेली, स्नेहल पायाने झोका देत होती आणि माझ्याशी बोलत होती. मला भरून आलं. किती वर्षांनी झोळी बघितली. मग झोळी कशाला बांधलीये ते बघितलं.

छताखालून काळा पाइप जातो, त्याला. गॅसचा पाइप. इथून तिथून फर्नेसला जाणारा. झोका दिला की पाइप जरासा लवायचा आणि सांध्याशी बारीक आवाज यायचा.

"काकू, इथं आडं नाहीच कुठं," ती म्हणाली. "हाच एक मजबूत दिसला. मम्मीला व्हिडिओवर दाखवला, ती म्हणली चांगलाय."

तिची मम्मी नांदेडमध्ये. तिला काय माहीत त्या पाइपातून काय वाहतं. फर्नेसवाल्याची बायको नसते तर मलाही चांगलाच वाटला असता.

मी काही न बोलता बाळ उचललं, झोळी सोडायला लावली. मग खिडकी. झोपायच्या खोलीला एकच, छताला लागून, शाळेच्या पाटीएवढी. सहज म्हणून खुर्चीवर चढले आणि डोकं घातलं. डोकं गेलं, खांदे अडकले. स्नेहल हसायला लागली. मीही हसले, म्हणजे तसं दाखवलं. जिना फर्नेसच्या अंगावरून जातो. खाली काही झालं तर ही पोर बाळाला घेऊन बाहेर कुठून येणार?

वर शैलाने पोहे केले होते. बशी बाजूला ठेवली. "काय झालं गं?" म्हणाली. दात दुखतोय म्हटलं.

महिनाभर नवऱ्याला खबऱ्या म्हणत होते. आता मला काय म्हणायचं?

१० ऑक्टोबर, सोमवार

थँक्सगिव्हिंगची सुट्टी. बोलणं चालू झालं, करावंच लागलं. झोळीचं ऐकून बाळू ताडकन उठला, शिवी दिली, स्वतःलाच. "मी उन्हाळ्याच्या सुरुवातीला जाऊन आलो तेव्हा बाळ नव्हतं. खिडकीच बघितली होती फक्त."

लगेच व्हॅन काढली. सांधा तपासला, दोन ठिकाणी नवीन बसवला. लाकडाच्या तुळईत जाड हूक ठोकला, त्याला स्वतः लोंबकळून बघितलं. पाय जमिनीपासून वर. स्नेहलच्या नवऱ्याने फोटो काढला. शैला कौतुकाने म्हणाली, "भावजी, पाटी दुसऱ्याची लावली तरी आलात."

बाळू खाली बघत हत्यारं भरत होता.

येताना व्हॅनमध्ये म्हणाला, खिडकी मला करता येणार नाही. भिंत कापावी लागते, नकाशा, परवाना. शैलाकडे तेवढे पैसे नाहीत आणि परवाना मागितला की तपासायला येणारच, आले की पहिल्या दिवशी बेसमेंट रिकामं करायला सांगणार. सांगितलं तर शैलाचं घर जाईल. नाही सांगितलं तर...

"तिलाच समजावून सांगू या," मी म्हटलं.

"तू सांग. मी सांगितलं आणि उद्या दुसऱ्या कुणी कळवलं, तरी नाव माझंच येणार."

समजावलं, फोनवर, संध्याकाळीच. शैला आधी ऐकत होती. मग गार आवाजात म्हणाली, "हे तू बोलतेस की भावजी?" मग म्हणाली, "पंधरा वर्षं झाली, काही झालं नाही. या थंडीत बाळंतिणीला कुठे पाठवू? आणि मी कुठे जाऊ, एडमंटनला, सुनेच्या हातचं खायला?" फोन ठेवला.

१९ ऑक्टोबर, बुधवार

डगचा फोन घरच्या नंबरवर. मी घेतला. "हाय सुमन, एनीथिंग न्यू फॉर मी?" गोड आवाज. मला विचारत होता की बाळूला निरोप होता, कळलं नाही. नथिंग म्हटलं.

बाळूला सांगितलं. तो म्हणाला, "हे बघ. आजपासून तुझ्या वहीत असेल तेवढंच मी पुढे सांगीन. तू लिहिलं नाहीस तर मी बघितलंच नाही. किल्ली तुझ्या मोहरीच्या डब्यात आहे."

मोहरीचा डबा त्याला माहीत आहे म्हणजे. तरी उघडलं नव्हतं कपाट, मी खूण ठेवली होती.

हा विश्वास आहे की हात झटकणं? विचार करकरून डोकं दुखलं. कारखान्यातही असंच कुणीतरी याच्या हातात पेन दिलं असेल का?

विचारलं आज. अठ्ठावीस वर्षांनी. म्हणाला, "चाळीसातल्या तिघांची नावं मी दिली होती. बाकीची त्यांनीच घातली." आणि व्हॅन पुसायला गेला. व्हॅन स्वच्छ होती.

२४ ऑक्टोबर, सोमवार

लक्ष्मीपूजन आणि मतदान एकाच दिवशी. सकाळी अभ्यंगस्नान करून, नवी साडी, वरून विंटर जॅकेट, शाळेत मत द्यायला गेले. रांगेत धालीवाल आजोबा भेटले. त्यांचे भाडेकरू गेले, सध्या खालच्या खोलीत सायकली. "बॉब जीतेगा," म्हणाले, "घर का आदमी है." त्यांच्या डोळ्यांत बघवेना.

मत कुणाला दिलं ते इथेही लिहीत नाही. ही वही पण कुणीतरी वाचत असेल.

संध्याकाळी पूजा. दरवर्षी लक्ष्मीसमोर बुकिंगची वही ठेवतो. जुनीचं पान खंडेनवमीला फाडलं होतं, म्हणून नवी आणली होती. बाळूने पहिल्या पानावर कुंकवाने श्री काढला. कुंकू तेलात जास्तच पातळ झालं होतं, श्रीची वेलांटी खाली ओघळली. रेवा म्हणाली, "इट्स फाइन बाबा, इट्स आर्ट." पूजा झाल्यावर ते दोघं निकालाला हॉलवर गेले. मी घरी, दिवे सांभाळत. आठनंतर रेवाचा मेसेज, "ही वन!!! बाय ९१!!!"

एक्क्याण्णव मतं. नोटीस आलेली घरं किती, त्यांत माणसं किती, भाडेकरूंना मत होतं का? नको.

२५ ऑक्टोबर, मंगळवार

सकाळपासून माणसं. पेढे संपले, मग बर्फी कापली. डगचा मेसेज आला, "काँग्रॅट्स, काउन्सिलर." बाळूने मला दाखवला. निम्मं न बोलता पूर्ण दाखवला, हे नवीन.

दुपारी शैला आली. करंज्या घेऊन. एवढी माणसं असूनही सरळ माझ्याकडे आली. "माझं मत त्या बाईंनाच होतं," बाळूच्या तोंडावर म्हणाली, "पण तुमचं अभिनंदन, भावजी. आता आम्हाला भीती नाही, घरचा माणूस बसलाय वर." मग माझा हात धरला. त्या दिवशी फोन आपटला, मनात ठेवू नकोस. खाली आता छान ऊब असते, स्नेहलला अजून एक छोटा हीटर आणून दिलाय, विजेचा, रात्रभर चालू असतो. झोळीच्या अगदी जवळ, म्हणजे बाळाला गार लागत नाही.

करंजी हातातच राहिली.

शैला गेल्यावर बाळूने विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. हीटरचं त्याने ऐकलं होतं, मला माहीत आहे. तिच्या शेजारीच उभा होता.

चार वाजता कपाट उघडलं, उघडीच ठेवलेली नवी वही काढली. नवं वर्ष उद्या सुरू होतंय, पहिलं नाव कुणाचं तरी येणारच. शैला हे नाव लिहिलं. पत्ता लिहिला, आकडे दोनदा तपासले, या वेळी उलटे नकोत. २ चु. लिहिलं. ४ मा. लिहिलं. पुढे खिडकी असं लिहायला घेतलं, तेवढा रकाना कधीच नव्हता, तो आखला.

बाहेरून बाळूचा आवाज. "काय करतेस गं?"

"काही नाही."

वही मिटून परत ठेवायची आहे. पण कालचा श्री अजून ओला आहे, मिटली तर या पानावर उमटेल. म्हणून उघडीच ठेवलीये ओट्यावर, वाळेपर्यंत. कपाटाची किल्ली माझ्या हातात आहे आणि बाळू पाणी प्यायला आत येतोय